पैसे तुमचे, तर पुस्तकही तुमचंच

लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ १९३४पासून एकेक भाग करत पुस्तकरूपात आलं. प्रकाशक होते त्यांचे चिरंजीव देवदत्त, आणि गाव होतं नाशिक. १९३६मध्ये लक्ष्मीबाई गेल्या तेव्हा चौथा भाग अपुरा होता. तोही देवदत्तांनी पुरा करून छापला. हरिभाऊ आपट्यांनी ‘पण लक्षांत कोण घेतो’ ही कादंबरी स्वतःच्याच ‘करमणूक’ साप्ताहिकातून क्रमशः वाचकांपर्यंत नेली. ‘ब्राह्मणकन्या’सारखी कादंबरी लिहिणाऱ्या डॉ. केतकरांनी ज्ञानकोशासाठी लिमिटेड कंपनी काढली, भाग विकले, आधी वर्गणीदार जमवले आणि मग खंड छापले. या मंडळींना स्वतःचा छपाईचा व्यवहार सांभाळण्यात कमीपणा वाटला नाही.

आज मात्र नाशिकमध्ये कुणी पदरच्या पैशानं कादंबरी काढली की पहिला प्रश्न येतो, ‘प्रकाशक मिळाला नाही का?’ हा प्रश्न फार महागात पडतो. तो टाळण्यासाठी लेखक प्रकाशकाचं नाव विकत घेतो. हस्तलिखितही तोच देतो, पैसेही तोच देतो. मुखपृष्ठावर मात्र दुसऱ्याचं बोधचिन्ह. पुस्तकं कुणाच्या गोदामात आहेत, किती विकली गेली, हक्क कुणाकडे आहेत, हे विचारलं की उत्तर येतं, ‘बघू, हिशेब करून सांगतो.’ माझा विरोध आहे तो या व्यवहाराला. प्रकाशक स्वतःचे पैसे घालून पुस्तक काढत असेल तर त्याच्या अटींवर बोलणी करा. पैसे तुमचे असतील, तर आयएसबीएन (पुस्तकाचा ओळखक्रमांक), हक्क आणि प्रतींचा साठा या तिन्ही गोष्टी तुमच्याच नावावर हव्यात.

आयएसबीएन मिळवणं अवघड नाही. दिल्लीची राजा राममोहन रॉय संस्था तो ऑनलाइन अर्जावर विनामूल्य देते, लेखकाच्या नावानंही देते. त्यासाठी कुणी पैसे लावत असेल तर तिथंच सावध व्हा. तुम्ही प्रकाशक झालात की एक जबाबदारीही येते. १९५४च्या कायद्याप्रमाणे पुस्तक निघाल्यापासून ३० दिवसांत कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय आणि मुंबई, चेन्नई, दिल्ली इथली ठरलेली ग्रंथालयं यांना स्वखर्चानं एकेक प्रत पाठवायची असते. अनेक हौशी प्रकाशकांना हे ठाऊकच नसतं.

हक्कांचं प्रकरण याहून मोठं. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ १९३३ साली इथल्याच नाशिकच्या तुरुंगात लिहिली. गुरुजी १९५०मध्ये गेले, म्हणजे लेखकाच्या मृत्यूनंतरची कॉपीराइटची ६० वर्षं २०१०अखेर संपली. तोवर ते पुस्तक कुणाचीतरी मालमत्ता होतं. आता कुणीही छापू शकतो. पुस्तकाचं व्यावहारिक आयुष्य एवढं लांब असतं. म्हणून करारावर सही करताना मुदत बघा. कॉपीराइट कायदा सांगतो की करारात मुदत लिहिली नसेल तर हक्क पाच वर्षांसाठीच दिले असं धरायचं, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतेच. घेतलेला हक्क वर्षभरात वापरला नाही आणि करारात वेगळं काही नसेल, तर तोही परत लेखकाकडे येतो. कायदा लेखकाच्या बाजूचा आहे. घात होतो तो ‘सर्व हक्क, सर्व काळासाठी’ या एका ओळीखाली सही केल्यानं.

आता आकडे. समजा, तीनशे रुपये किमतीच्या कादंबरीच्या पाचशे प्रती छापल्या. कागद, छपाई, बांधणी मिळून प्रतीमागं ११० रुपये, म्हणजे ५५ हजार. अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, संपादन आणि मुखपृष्ठ यांचे २५ हजार. एकूण ८० हजार. वितरकाला ४५ टक्के सवलत दिली तर हाती १६५ रुपये येतात. खर्च निघायला ४८५ प्रती विकल्या जायला हव्यात. म्हणजे पाचशेपैकी पंधराच राहिल्या, आणि तेवढ्या तर प्रकाशन समारंभाच्या व्यासपीठावरच संपतात! तेच पुस्तक सवलत आणि टपाल वजा जाता अडीचशेला थेट वाचकाला विकलं, तर ३२० प्रतींतच मुद्दल सुटतं. गणित एवढंच आहे, पण ते छपाईच्या आधी मांडायचं असतं. काटकसर करायचीच तर समारंभात करा, संपादकाच्या मानधनात नको.

थेट विक्रीला टपाल लागतं. छोट्या प्रकाशकांचा आधार असलेलं रजिस्टर्ड बुकपोस्ट डिसेंबर २०२४मध्ये बंद झालं. मे २०२५पासून ‘ज्ञान पोस्ट’ आलं. सुरुवातीचे दर ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, पाच किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळा. कोणती पुस्तकं त्यात बसतात याचे नियम आहेत. ते पोस्टात विचारून घ्या आणि मगच टपालखर्च धरा. ई-पुस्तक किंडलवर लेखकाला स्वतः चढवता येतं. मात्र भारतातल्या विक्रीवर ७० टक्के वाटा हवा असेल तर किंडलच्याच ‘केडीपी सिलेक्ट’ योजनेत पुस्तक नोंदवावं लागतं, आणि मग ९० दिवस ते ई-पुस्तक दुसरीकडे विकता येत नाही. हाही करारच आहे, फक्त तो टिचकी मारून होतो म्हणून कुणी वाचत नाही.

एकट्या लेखकाला हे सगळं झेपत नाही, हे खरं. पण नाशिकला एकत्र येऊन विकणं नवीन नाही. इथल्या द्राक्ष उत्पादकांनी मोहाडीत सह्याद्री फार्म्स उभी केली, ती पिकवणाऱ्यानंच विकावं म्हणून. लेखकांनी ग्रंथोत्सवात मिळून एक गाळा घ्यावा, एकच बिलबुक ठेवावं, एकमेकांची पुस्तकं विकावीत. याला भांडवल लागत नाही. १८४०पासून चालत आलेलं सार्वजनिक वाचनालय आणि कुसुमाग्रज प्रतिष्ठान यांनी जिल्ह्यातल्या स्वप्रकाशित पुस्तकांसाठी विक्रीचं एक कपाट द्यावं. भाषणांपेक्षा त्याचा उपयोग अधिक होईल.

उरला वाचक. मराठी लेखकाच्या पाचशे प्रतींना सगळ्यात मोठी गळती लागते ती ‘सप्रेम भेट’ या दोन शब्दांनी. मामा, साहेब, जुने सर, सोसायटीचे अध्यक्ष, सगळ्यांना सहीची प्रत हवी असते आणि ती फुकट हवी असते. तेव्हा विनंती एवढीच. तुमच्या ओळखीतल्या कुणाची कादंबरी आली, तर सही जरूर घ्या. पण आधी पैसे द्या आणि बिल मागा.