पाया कोण पाहतो?

‘घर पाहावे बांधून’ असे आपले वाडवडील म्हणत. त्यांच्या काळी पाया मालकाच्या डोळ्यांदेखत खणला जाई. माती कसली, मुरूम किती खोल लागला, हे त्याला ठाऊक असे. आज आपण घर बांधत नाही, विकत घेतो. आणि पुष्कळदा तेही राहण्यासाठी नव्हे, तर पुढे भाव वाढेल म्हणून. भाव दलाल सांगतो, कागदपत्रे वकील तपासतो. मग पाया कोण पाहतो?

इंदूरचे उदाहरण घ्या. होळकरांचे हे शहर माळव्याच्या काळ्या मातीच्या प्रदेशात वसले आहे. धारवाड-विजापूरकडच्या वाचकांना ही माती नवी नाही. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. उथळ पाया तिच्याबरोबर वरखाली होतो आणि भिंतींना तिरपे तडे जातात. यावर उपाय आहेत. पाया मुरमापर्यंत किंवा खडकापर्यंत नेता येतो. ते शक्य नसेल तर तळाशी फुगीर असलेले काँक्रीटचे खांब जमिनीत ओतता येतात. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अशा मातीसाठी या पद्धतीवर मोठे काम केले आहे. परंतु एकदा रंगाचा हात फिरला की यातले काय केले आणि काय टाळले, हे गिऱ्हाइकाला दिसत नाही.

न दिसणारी गोष्ट किती भयंकर ठरते, हे ३० मार्च २०२३ रोजी, रामनवमीच्या दिवशी, इंदूरने अनुभवले. बेलेश्वर महादेव मंदिरात भाविक बसले होते, त्या फरशीखाली जुनी बावडी होती. वरचा स्लॅब कोसळला आणि ३६ जीव गेले. ते मंदिर होते, विक्रीचे घर नव्हे, हे खरे. पण आपल्या भूखंडाखाली झाकलेली विहीर किंवा बुजवलेला नाला नाही, याची हमी रजिस्ट्रीचा कागद तरी कुठे देतो?

कोणी म्हणेल, बँकेचा मूल्यमापक येऊन जातो की! तो येतो, पण त्याची नजर मुख्यतः कर्ज वसूल होईल की नाही यावर असते. कोणी २०१६ च्या रेरा कायद्याकडे बोट दाखवील. ताब्यापासून ५ वर्षांत बांधकामाचा दोष दिसल्यास बिल्डरने तो स्वखर्चाने दुरुस्त करावा, असे तो कायदा सांगतो. तरतूद चांगलीच आहे. परंतु सहाव्या वर्षी तडा गेला तर? कर्जाचे हप्ते तर त्यानंतरही चालूच राहतात. शिवाय भाव वाढतो तो जमिनीचा. इमारत दरसाल झिजतच असते.

म्हणून व्यवहारापूर्वी तिसरा सल्लागार हवा, तो अभियंता. माती-परीक्षणाचा अहवाल आणि पायाचे नकाशे मागावेत, ते त्याच्याकडून वाचून घ्यावेत. त्याची फी दलालीहून जड खचितच नाही. आणि अभियांत्रिकीच्या प्राध्यापकांना एक विनंती : आपल्या प्रयोगशाळेत माती तपासली जाते, ती केवळ परीक्षेतील गुणांसाठी न राहो. गावातल्या मध्यमवर्गीयाला आयुष्याची पुंजी ओतण्यापूर्वी तेथे दोन शब्द विचारता आले, तर त्या विद्येचे सार्थक होईल.