फोटोग्राफीत पदवी हवीय? धाराशिवच्या मुलांना आधी पेन्सिल धरावी लागते

नळदुर्ग किल्ल्याचे फोटो इन्स्टावर गाजले, आता पदवीही यातच घ्यायची, असं ठरवलं तर? महाराष्ट्रातल्या सरकारी कला महाविद्यालयांत फोटोग्राफी मुख्यतः उपयोजित कलेच्या बीएफएमधला एक विषय. त्याच्या सीईटीत वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र काढायचं, कॅमेरा घरीच.

फोटोग्राफीचीच बीएफए हैदराबादच्या जवाहरलाल नेहरू आर्किटेक्चर अँड फाइन आर्ट्स विद्यापीठात आहे. १९४८ पर्यंत धाराशिव निजामाच्याच राज्यात होतं आणि राजा दीनदयाळ हे निजामाचे दरबारी छायाचित्रकार. आता मात्र तिथे परराज्यातले म्हणून जायचं आणि प्रवेश परीक्षाही वेगळी.

लग्नाच्या ऑर्डरसाठी पदवी कुणी विचारत नाही. कॉलेजात शिकवायचं किंवा पुढे एमएफए करायचं, तर मात्र ती लागते. घरच्यांना खर्च सांगण्याआधी हे ठरवलेलं बरं.