चुकीच्या ओळीवरचे बोट

मराठीच्या शिक्षकाने संगणकाच्या प्रांतात शिरू नये, असे आमचे आजवरचे मत. परंतु यंदा चतुर्थीला साखळीस आलेल्या आमच्या एका माजी विद्यार्थ्याने सोप्यावर बसून जी हकीकत सांगितली, तिने ते मत डळमळले.

माणसाने लिहिलेल्या आज्ञावलीचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा दुभाषी म्हणजे कंपायलर. यंत्राची प्रत्येक आज्ञा मुळातील कोणत्या ओळीवरून आली, याचे टाचण तो ठेवीत जातो. आज्ञावली मध्येच कोसळली, की ते टाचण पाहून दोष शोधावयाचा. आमच्या विद्यार्थ्याला टाचण २१२वी ओळ दाखवीत होते आणि ती तर निर्दोष! तीन दिवस त्याने त्या बिचाऱ्या ओळीची उलटतपासणी केली.

"सर, शेवटी कळले, टाचणच खोटे होते."

कंपायलर वेगासाठी आज्ञा मागेपुढे करतो. 'असे असेल तर' आणि 'नसेल तर' या दोन्ही वाटांवर सारखीच आज्ञा आढळली, तर ती एकदाच मांडतो. मग तिला क्रमांक कोणत्या ओळीचा द्यावा? एकीचा दिला, तर यंत्र ज्या वाटेने गेलेच नाही, तिकडे बोट दाखविले जाते. इलिनॉय विद्यापीठात २००० साली आरंभ झालेल्या एलएलव्हीएम या कंपायलरचा साधारण नियम असा, की अशा वेळी शून्य क्रमांक द्यावा. शून्य म्हणजे 'सांगता येत नाही'. शून्याला इतका मान आम्ही वर्गात कधीच दिला नव्हता!

दोष हुडकण्याची रीतही आम्हांस आवडली. कंपायलरचे काम अनेक फेऱ्यांत चालते. अर्ध्या फेऱ्यांनंतर थांबवून पाहावे. टाचण बिघडलेले असेल तर तपास पहिल्या अर्ध्यात, नसेल तर दुसऱ्यात. असे निम्मे निम्मे करीत गेले, की हजार फेऱ्यांतून दोषी फेरी दहाएक चाचण्यांत हाती लागते. प्रत्येक आज्ञेस मुद्दाम निराळा क्रमांक चिकटवून, फेरीनंतर कोणता गळाला हे तपासणारे 'डीबगिफाय' नावाचे साधनही आहे. गळालेला क्रमांक त्यातून कळतो. चुकीचा क्रमांक मात्र माणसानेच वाचून पारखावा लागतो.

त्याने ती फेरी शोधली आणि दहा ओळींचा नमुना करून कंपायलरच्या कर्त्यांकडे धाडला. मूळ आज्ञावली कोसळत होती ती २४०व्या ओळीपायी, आणि ती त्याने स्वतःच लिहिलेली होती, हे मात्र त्याने निघताना, चपला पायात सरकवीत सांगितले.