रबरी नळीची हयगय

१ जून ते ३१ जुलै या काळातील मासेमारीबंदी उठून नारळी पौर्णिमेचा नारळ दर्याला अर्पण झाला, की वेसावे, मढ, मनोरी आणि गोराई येथे ज्या शाकारलेल्या लहान होड्या पुन्हा पाण्यात लोटल्या जातात, त्यांतील पुष्कळांच्या आउटबोर्ड इंजिनांची पहिली तक्रार एकच असते: दोरी कितीही ओढली तरी इंजिन धरत नाही, आणि धरलेच तर खाडीच्या मध्यावर, ऐन ओहोटीत, गुदमरून बंद पडते. मग प्लग काढले जातात, कार्ब्युरेटर उघडला जातो, मिस्त्रीला निरोप जातो. माझ्या मते अशा बहुतेक प्रसंगी इंजिन निर्दोष असते. कसूर असते ती टाकीपासून इंजिनापर्यंत जाणाऱ्या रबरी नळीची, जिच्याकडे ना नाखव्याचे लक्ष असते ना सरकारी खात्याचे.

या नळीत मुठीत मावेल असा प्रायमर बल्ब असतो आणि त्याच्या दोन्ही तोंडांशी एकेक झडप असते. बाण वरच्या दिशेला ठेवून बल्ब उभा धरला आणि दाबत राहिले, की कार्ब्युरेटरची वाटी भरते, आतली सुई मार्ग बंद करते आणि बल्ब हाताला कठीण लागतो. तो कठीण होतच नसेल, तर कोठून तरी हवा शिरत आहे किंवा झडप निकामी झाली आहे. चपटा होऊन तसाच राहत असेल, तर टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडायचा राहिला आहे किंवा टाकीतील जाळी तुंबली आहे. आणि धापा टाकणारे इंजिन बल्ब दाबताच सावरत असेल, तर इंधनपंपाचा पडदा फाटल्याचा किंवा टाकीकडील सांधा सैल झाल्याचा संशय घेणे रास्त ठरते. खरी फसगत या सांध्यांतच आहे. इंजिन इंधन ओढत असताना सैल सांध्यातून पेट्रोल बाहेर ठिबकत नाही, उलट हवा आत ओढली जाते, आणि पाहणाऱ्याला सर्व काही कोरडे व ठाकठीक दिसते. म्हणून शेजाऱ्याची चांगली टाकी नळीसकट मागून आणून जोडावी. इंजिन नीट चालू लागले, तर मिस्त्रीची मजुरी वाचली.

यात इथेनॉलची भर पडली आहे. वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची विक्री ६ फेब्रुवारी २०२३ रोजी सुरू झाली. ऊसवाल्यांच्या हिताला माझा विरोध नाही. परंतु धोरण आखणाऱ्यांच्या नजरेसमोर मोटार होती, होडी नव्हती, असे म्हणावेसे वाटते. इथेनॉल हवेतील ओलावा शोषते. पावसाळाभर अर्धवट भरलेल्या टाकीत पाणी जास्त झाले, की ते इथेनॉलसह विलग होऊन तळाशी बसते, आणि शोषनळीचे तोंडही तळाशीच असते. जुने रबर इथेनॉलने फुगते, नळीचे आतले अस्तर सुटते आणि पडद्यासारखे आडवे येते. बाहेरून पाहता नळी मात्र धडधाकट.

१९९६ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र मेरिटाइम बोर्डाकडे प्रवासी बोटींचा कारभार आहे, तर मासेमारी नौकांचे दप्तर मत्स्यव्यवसाय खात्याकडे. १८ डिसेंबर २०२४ रोजी इंजिनाची चाचणी चालू असलेली नौदलाची स्पीडबोट ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर आदळली, त्यानंतर जीवरक्षक जाकिटांबाबत कडक हुकूम निघाले, ते योग्यच झाले. पण जाकीट कामी येते ते संकट ओढवल्यावर. आउटबोर्डच्या होडीचा परवाना नवा करताना तपासनिसाने बल्ब दाबून पाहावा, नळीवर ती बदलल्याचे साल पक्क्या शाईने लिहिलेले आहे की नाही ते बघावे, एवढी तजवीज दोन्ही खात्यांना अवघड नाही. मच्छीमार सोसायट्यांनी जुलैअखेर नळ्या, ओ-रिंगा आणि गंज न चढणाऱ्या पट्ट्या घाऊक आणून सभासदांना उधारीवर दिल्या, तर ऑगस्टमध्ये त्या सामानासाठी बोरिवली-अंधेरीची दुकाने धुंडाळण्याची पाळीही येणार नाही.