उजवीकडे न वळणारी गाडी

काशीला जाऊन आलेली मंडळी घाटांची नावे भराभर सांगतात: दशाश्वमेध, मणिकर्णिका, पंचगंगा, केदार. अमृतराव घाट म्हटले की मात्र थबकतात. राघोबादादांचे दत्तक पुत्र अमृतराव पेशवे पुण्याच्या राजकारणातून बाहेर पडले, उत्तरेत गेले आणि 1824 मध्ये काशीतच वारले. दशाश्वमेधाच्या दक्षिणेला असलेला हा घाट त्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी दगडात बांधून काढला. आज लोक त्याला राजाघाट म्हणतात.

त्या घाटाच्या वरच्या गल्लीत माझी आत्या राहते. लग्न होऊन पुण्याहून गेली त्याला पंचावन्न वर्षे झाली. घरात मराठी आणि दारात हिंदी अशी तिची भाषा आहे. गेल्या वर्षी आतोबा गेले. त्यांच्या वर्षश्राद्धाला मी गेलो होतो. कार्य आटोपल्यावर आतेभाऊ म्हणाला, “दादा, परवा भंगारवाला येणार आहे. बाबांची जावा वजनावर द्यायची ठरवली आहे.”

आत्या पोळ्या लाटत होती. मान वर न करता म्हणाली, “द्यायची तर दे बाबा. पण एकदा चालू करून दे. मुकी गाडी दारातून जायला नको.”

आतेभावाची अडचणही खोटी नव्हती. “ती उजवीकडे वळतच नाही,” तो म्हणाला. “सरळ चालते, डावीकडे वळते. उजवीकडे हँडल पुरते फिरवले की इंजिन बंद! सोनारपुऱ्याच्या रस्त्यावर माझ्या मागच्या ट्रकवाल्याने ब्रेक लावला म्हणून वाचलो. प्लग बदलला, पॉइंट बदलले, कॉइल बदलली. काही उपयोग नाही.”

हे ऐकले आणि भंगारवाल्याला दोन दिवस थांबवायला सांगितले. जो बिघाड हँडल फिरवल्यावर येतो आणि सरळ केल्यावर जातो, तो बहुधा हँडलपाशीच लपलेला असतो.

दोन पिढ्यांची सोबती

गाडी होती 1968 सालची, 250 सीसीची जावा. जावा हे नाव यानेचेक आणि वांडरर या दोन नावांच्या पहिल्या अक्षरांवरून 1929 मध्ये तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियात जन्मले. आपल्याकडे मुंबईच्या इराणी मंडळींनी पुढाकार घेतला आणि 1961 पासून ती म्हैसूरला आयडियल जावाच्या कारखान्यात बनू लागली. 1973 मध्ये तिचे येझदी झाले. 1996 मध्ये कारखाना बंद पडला. जावा हे नाव 2018 मध्ये नव्या गाड्यांवर परत आले, पण जुन्या जावाची किक आणि गिअर एकाच दांड्यावर! ती गंमत ज्यांनी अनुभवली आहे, ते अजून तिला विसरलेले नाहीत.

या गाडीची वीज अगदी साधी असते. इंजिनाच्या उजव्या बाजूला, थेट क्रँकवर बसवलेला डायनॅमो, 6 व्होल्टची बॅटरी, एक कॉइल, एक कंडेन्सर आणि पॉइंटची एक जोडी. किल्लीचा स्विच हेडलाइटच्या खोक्यात. हे शेवटचे वाक्य लक्षात ठेवा, कारण सगळी कथा त्यातच आहे.

आधी बॅटरी, मग पाना

जुन्या गाडीच्या वायरिंगला हात लावण्यापूर्वी तीन गोष्टी करायच्या. पहिली, पेट्रोलचा कॉक बंद आणि गाडी मोकळ्या हवेत. जुना कॉक ठिबकतो, आणि वायरीच्या एका ठिणगीला तेवढे पुरते. दुसरी, बॅटरीच्या वायरी काढणे. मात्र काढण्यापूर्वी कोणते टोक सांगाड्याला जोडले आहे, ते लिहून ठेवा. आजच्या गाड्यांत ऋण टोक सांगाड्याला असते. जुन्या ब्रिटिश मोटारसायकलींत धन टोक असे. सवयीने उलटी जोडणी केली तर रेग्युलेटर जळू शकतो. तिसरी गोष्ट, प्रत्येक जोडाचा मोबाइलवर फोटो आणि कागदावर नकाशा. मूळ रंगांवर भिस्त ठेवू नका. पन्नास वर्षांत चार मेकॅनिकांनी हाताला येईल त्या रंगाची वायर जोडलेली असते.

आम्ही सीट काढली आणि पहिलाच धक्का बसला. फ्यूजच्या जागी तांब्याची जाड तार गुंडाळलेली! फ्यूज हा घरातल्या राखणदारासारखा. चोर येण्याआधी त्याने ओरडायचे असते. त्याला झोपवून ठेवले की वायर तापते, वरचे आवरण वितळते आणि वर पेट्रोलची टाकी असते. त्या अरुंद गल्लीत, लाकडी दाराला टेकवलेली ही गाडी इतकी वर्षे उभी होती. आतेभाऊ काही बोलला नाही, पण त्याने ती तार स्वतःच्या हाताने काढून फेकली.

ठिणगीचा प्रवास

आता बिघाड शोधायचा तर ठिणगी कशी तयार होते, ते समजले पाहिजे. बॅटरीतून वीज निघते, फ्यूजमधून वर हेडलाइटमधल्या किल्लीपर्यंत जाते, तिथून परत खाली कॉइलकडे येते. कॉइलमधून ती पॉइंटवर आणि पॉइंट मिटलेले असतील तर सांगाड्यात उतरते. इंजिन फिरताना पॉइंट उघडतात. वीज एकदम तुटते आणि त्या तुटण्यानेच कॉइलच्या दुसऱ्या, हजारो वेढ्यांच्या गुंडाळीत काही हजार व्होल्टचा दाब उभा राहतो. तोच प्लगच्या फटीत ठिणगी पाडतो. वीज झटकन तुटावी आणि पॉइंटवरच ठिणग्या पडून ते जळू नयेत, यासाठी कंडेन्सर असतो.

हा मार्ग हेडलाइटपर्यंत जाऊन परत येतो, हे ध्यानात आले का? जावाचा हेडलाइट हँडलबरोबर वळतो, सांगाडा वळत नाही. म्हणजे ठिणगीची वीज वाहणाऱ्या दोन्ही वायरी हँडलच्या मानेपाशी प्रत्येक वळणाला वाकतात. दिवसातून शंभर वेळा, पन्नास वर्षे!

एका बल्बची करामत

हत्यार काय वापरले? 6 व्होल्टचा एक छोटा बल्ब आणि त्याला डाख देऊन जोडलेल्या दोन वायरी. बाजारातून नवी बॅटरी आणली, योग्य फ्यूज बसवला, किल्ली फिरवली आणि पॉइंटमध्ये जाड पुठ्ठ्याचा तुकडा घालून ते उघडे ठेवले. बल्बची एक वायर सांगाड्याच्या खरवडलेल्या जागेवर, दुसरी कॉइलच्या त्या टोकावर, जिथे किल्लीकडून वीज येते. बल्ब लागला.

“आता हँडल डावीकडे फिरव,” मी म्हणालो. बल्ब लागलेलाच.

“आता उजवीकडे.”

बल्ब विझला. आत्या दारात उभी होती. “अरे, हे तर सापडलं!” ती म्हणाली.

हेडलाइट उघडून वायरींचा जुडगा बाहेर काढला. किल्लीकडून कॉइलकडे जाणारी वायर बाहेरून धड दिसत होती. बोटात धरून वाकवली तर एका जागी ती दोरीसारखी मऊ लागली. आवरण कापले. आत तांबे तुटलेले, दोन्ही टोके एकमेकांना जेमतेम टेकलेली. हँडल सरळ असताना ती भेटत, उजवीकडे ताण आला की दूर जात.

पण ती तुटली का? ती मोटारसायकलची वायरच नव्हती. घराच्या भिंतीत घालतात तसली, एकाच जाड तारेची वायर होती. आत्याला आठवले. 1978 च्या महापुरात गल्लीत पाणी आले, गाडी दोन दिवस पाण्यात राहिली. नंतर कुणीतरी ती दुरुस्त करून दिली होती. भिंतीतली वायर कधी हलत नाही, म्हणून तिथे एकेरी तार चालते. जिथे हालचाल आहे तिथे बारीक तारांची बहुपदरी वायरच हवी. खिळा चार वेळा वाकवला तर तुटतो, सुतळी हजार वेळा वाकवा.

गंजाची खंडणी

नवी बहुपदरी वायर घातली, मानेपाशी थोडी सैल ठेवली, वरून स्लीव्ह चढवली. टोकांना नुसता पीळ न देता थिंबल दाबून बसवले. मग हेडलाइट लावला तर तो समईसारखा मंद. याचे कारण सांगाड्यावरचा गंज. जुन्या गाडीत परतीची वीज पत्र्यातूनच जाते आणि 6 व्होल्टच्या गाडीला गंज फार छळतो. हिशेब पाहा. 25 वॅटचा बल्ब 6 व्होल्टवर चारहून थोडे जास्त अँपिअर घेतो. त्याच्या वाटेत गंजाने अर्धा ओहम अडथळा आणला तर बल्बपर्यंत साडेचार व्होल्टच्या आसपास पोहोचतात आणि उजेड निम्म्याहून कमी होतो. पॉलिश पेपरने ते जोड चकचकीत घासले, वर थोडे ग्रीस लावले. बल्ब तोच, पण गल्लीची समोरची भिंत उजळली.

शेवटी पॉइंटची फट पाहिली, साधारण 0.4 मिलिमीटर. प्लग पुसला. तिसऱ्या किकला जावा बोलली. तो टपटप आवाज ऐकून शेजारची दोन म्हातारी माणसे बाहेर आली.

आतेभाऊ गाडी घेऊन गल्लीच्या तोंडाशी गेला आणि उजवीकडे वळला. आवाज थांबला नाही. दूर जात जात ऐकू येत राहिला.

आत्या उंबऱ्यावर बसली. “तुझे आतोबा बाजारातून यायला नेहमी उशीर करायचे,” ती म्हणाली. “डावीकडून लांबचा फेरा घेऊन यायचे. मी म्हणायची, पान खायला थांबत असतील. कितीदा भांडले मी त्यावरून.” मग पदराने डोळे पुसून हसली. “मला सांगायचं तरी! गाडी वळत नाही म्हणून.”

भंगारवाला आला तेव्हा त्याला चहा पाजून परत पाठवला.

आपल्या दारातही एखादी जुनी बुलेट, राजदूत किंवा जावा ताडपत्रीखाली उभी असेल. ती विकण्यापूर्वी एक रविवार तिला द्या. फ्यूजच्या जागी फ्यूजच आहे ना, हे पाहा आणि तो पुस्तिकेत दिलेल्या अँपिअरचाच घाला. हँडलपाशी वायरी वाकवून पाहा. सांगाड्याचे जोड घासा. भाग बदलण्याआधी बल्बने वाट तपासा. इंजिन बंद असताना किल्ली चालू ठेवू नका. पॉइंट मिटलेले असतील तर कॉइल तापते आणि बॅटरी उतरते. आणि इंजिन चालू असताना प्लगच्या वायरीला हात लावू नका.

एवढे करून ती सुरू झाली नाही तर मेकॅनिक आहेच. पण त्याला निदान कागदावरचा नकाशा देता येईल. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना एकदा विचारून पाहा, गाडी कधी, कुठे आणि कुठल्या वळणावर बंद पडायची. निम्मा बिघाड तिथेच सापडतो.