सतरा इंचांचा सोस

भाचा साताऱ्याहून आला तो सोसायटीच्या गेटापासूनच हॉर्न वाजवत. खाली जाऊन पाहतो तर स्विफ्ट ओळखू येईना. चाकं सतरा इंची, काळीकुट्ट, कडेला लाल रेघ. टायर इतके पातळ, की रिमला नुसतं काजळ लावल्यासारखे दिसत होते. गाडी चांगली दोन-अडीच इंच खाली बसवलेली. "मामा, तुम्ही चालवूनच बघा. रेसिंग कार झालीय." चावी देताना त्याचा चेहरा असा फुलला होता, की पहिली दहा मिनिटं मी तोंड उघडलं नाही.

कात्रजच्या जुन्या घाटात गेलो. खोटं कशाला सांगू, पहिल्या दोन वळणांवर मजा आली. स्टिअरिंग जरा हलवलं की गाडीचं नाक लगेच वळत होतं, एरवी मिळणारी ती अर्ध्या क्षणाची ढील गायब होती. तिसऱ्या वळणावर खड्डे बुजवून डांबराची ठिगळं लावलेली होती. तिथे गाडीचा मागचा भाग टणकन उडाला आणि वीतभर बाहेर सरकला. वेग चाळीसच्या आतबाहेर. भाच्याने दारावरचं हँडल घट्ट धरलं आणि म्हणाला, "हे कधी कधी होतं."

ते 'कधी कधी' का होतं, तेवढंच आज लिहायचं आहे. रिम आणि सस्पेन्शन बदललं की गाडी 'हँडलिंगला भारी' होते, ही समजूत आपल्याकडे इतकी पक्की आहे की लोक त्यावर साठ-सत्तर हजार सहज उडवतात आणि मूळ टायर मात्र गुळगुळीत होईपर्यंत वापरतात.

आधी आकड्यांचा खेळ. २०१८ च्या पिढीतल्या स्विफ्टला खालच्या मॉडेलमध्ये १६५/८० आर १४ टायर यायचा, वरच्या मॉडेलमध्ये १८५/६५ आर १५. यातला पहिला आकडा टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा म्हणजे त्या रुंदीच्या किती टक्के टायरची उभी भिंत. तिसरा रिमचा व्यास, इंचात. हिशेब केला तर दोन्ही चाकांचा पूर्ण व्यास ६२० मिलिमीटरच्या आसपासच येतो. भाच्याने बसवलेला २०५/४५ आर १७ सुद्धा ६१६ वर येतो, म्हणजे स्पीडोमीटर फारसा बिघडत नाही. दुकानदाराने एवढं गणित बरोबर केलं होतं. पण बाहेरचा व्यास तोच ठेवून रिम वाढली, तर कमी काय होतं? भिंत. १५ इंची चाकात रिम आणि रस्ता यांच्यामध्ये १२० मिलिमीटर रबर आणि हवा होती, आता ९२ उरली. तीच भिंत वळणावर कमी दुमडते म्हणून नाक चटकन वळतं, आणि तीच खड्ड्यात कमी दबते म्हणून रिम वाकते. पहिल्या दोन वळणांची मजा आणि तिसऱ्याचा धक्का, दोन्ही त्याच २८ मिलिमीटरमधून आले.

आणखी एक गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही. चाकातली हवा वजन पेलते. टायरवर व्यासाच्या आकड्यानंतर भाराचा आकडा छापलेला असतो. ८८ म्हणजे एका टायरला ५६० किलो, ८४ म्हणजे ५००. पातळ टायर घेताना हा आकडा नकळत खाली येऊ शकतो. पाच माणसं, गणपतीचं सामान आणि डिकीत सीएनजीची टाकी घेऊन कोकणात उतरताना त्या साठ किलोंची आठवण होते.

आता वजन. रिमला आपण अजून 'मॅग व्हील' म्हणतो. जुन्या रेसच्या गाड्यांना मॅग्नेशियमची हलकी चाकं असत, त्यावरून आलेला हा शब्द. आज बाजारात मिळतात ती ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची, आणि स्वस्तातली बहुतेक साच्यात ओतलेली. घडाई केलेली रिम हलकी आणि मजबूत असते, पण तिची किंमत ऐकून माणूस परत स्कूटरवर येतो. ओतीव रिमला मजबुती देण्यासाठी धातू जास्त घालावा लागतो. भाच्याची जुनी आणि नवी दोन्ही चाकं आम्ही कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवली. नवं चाक जड निघालं. 'अलॉय' म्हणजे हलकं, या समजुतीचा तिथेच निकाल लागला. भंगारवाला मात्र खूश झाला, त्याला वाटलं विकायलाच आणलीत.

चाकाचं वजन इतकं महत्त्वाचं का? गाडीचं शरीर स्प्रिंगवर बसलेलं असतं. चाक, टायर, ब्रेक, हब ही मंडळी स्प्रिंगच्या खाली. शरीर साधारण सेकंदाला एक-दीड वेळा डोलतं, चाक मात्र दहा-पंधरा वेळा थरथरतं. उंचवट्यावर चाक वर फेकलं गेलं की त्याला परत रस्त्यावर आणून दाबून धरणं हे स्प्रिंग आणि शॉकॲब्जॉर्बरचं काम. चाक जितकं जड, तितकं ते काम अवघड. आणि चाक हवेत असेपर्यंत टायरला पकड शून्य, तो कितीही रुंद असो. ठिगळांवरून गाडीचा मागचा भाग सरकला तो यामुळेच. आपण ज्याला हँडलिंग म्हणतो, ते खराब रस्त्यावर निम्म्याहून जास्त एवढ्या एकाच गोष्टीवर ठरतं: चाक जमिनीवर किती वेळ टिकतं.

हे पटत नसेल तर रॅलीकडे बघा. वर्ल्ड रॅली चॅम्पियनशिपच्या गाड्या खडी-मातीच्या टप्प्यांवर १५ इंची चाकं लावतात, डांबरावर १८. जगातले सगळ्यात वेगवान ड्रायव्हर खराब रस्त्याला लहान रिम आणि उंच टायर पसंत करतात, आणि आपण सातारा-पुणे सर्व्हिस रोडला सतरा इंच लावतो. फॉर्म्युला वनमध्येसुद्धा २०२१ च्या मोसमाअखेरपर्यंत १३ इंची चाकं होती. १८ इंची २०२२ मध्ये आली. तोवर त्या उंच टायरची भिंतच सस्पेन्शनचं बरंचसं काम करत असे.

स्प्रिंगची गोष्ट याहून वाईट. गाडी खाली बसवायला भाच्याच्या गॅरेजवाल्याने काय केलं, तर ग्राइंडरने स्प्रिंगचं एक वेटोळं कापून टाकलं. काम करणारी सहा वेटोळी असतील आणि एक गेलं, तर स्प्रिंग २० टक्के कडक होते, कारण उरलेली तारच आता सगळा पीळ सोसते. शॉकॲब्जॉर्बर मात्र जुनाच, जुन्या स्प्रिंगच्या मापाचा. त्याला कडक स्प्रिंगची उसळी आवरत नाही. वर त्याची धावही कमी झालेली, म्हणून जरा मोठा खड्डा आला की आतल्या रबरी ठोकळ्यावर ठण्ण.

यातली सगळ्यात मजेची गोष्ट अशी, की खाली बसवलेली गाडी वळणावर जास्तही कलू शकते. ऐकायला उलटं वाटतं. स्विफ्टसारख्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो. खालचा आर्म मूळ उंचीवर चाकाकडे किंचित उतरता असतो. गाडी एका काल्पनिक खिळीभोवती कलते, आणि ती खीळ कुठे असेल हे त्या आर्मच्या उतारावर ठरतं. शरीर एक इंच खाली आणलं की आर्म आडवा होतो, आणखी आणलं की उलटा चढतो. आणि खीळ शरीरापेक्षा जास्त वेगाने खाली जाते. म्हणजे वजन आणि खीळ यांच्यातला दांडा लांब झाला. कुदळीचा दांडा लांब केला की टोकाशी तेच वजन हाताला जास्त ओढतं, तसंच. शिवाय स्टिअरिंगचा टाय रॉड आणि तो आर्म यांची चाल आता जुळत नाही. चाक वरखाली झालं की ते आपलं आपणच थोडं वळतं. सरळ रस्त्यावरही भाचा सारखा स्टिअरिंग सावरत होता, त्याला तो 'फील' वाटत होता.

गाडी उंच करणारेही काही कमी नाहीत. सीएनजीची टाकी रिकामी असली तरी पन्नास-साठ किलोंची, मागचा भाग बसतो, स्पीडब्रेकरला पोट घासतं. मग स्प्रिंगच्या वेटोळ्यांत रबरी बफर कोंबतात. जिथे बफर बसला तिथलं वेटोळं काम करायचं थांबतं, उरलेल्यांवर भार येतो. उंची मिळते खरी, पण ती उंची कण्यातून वसूल होते. मागच्या सीटवर बसणाऱ्या माझ्या ताईला विचारा.

१९३०च्या दशकात जनरल मोटर्समध्ये मॉरिस ऑली नावाचा इंजिनिअर होता. पुढची स्प्रिंग मागच्यापेक्षा थोडी मऊ ठेवली, तर उंचवट्यानंतर गाडी झोक्यासारखी मागेपुढे डोलत नाही, हे त्याने दाखवून दिलं. आजही कारखान्यात स्प्रिंग निवडताना पुढचं-मागचं असं जोडीने बघतात. आपला गॅरेजवाला एका दुपारी, चहा संपायच्या आत, ती जोडी मोडतो.

मग बदलूच नये का? बदला की! मीही बदलतो. एक इंच मोठी रिम, चांगल्या कंपनीचा टायर, भाराचा आकडा मूळ किंवा जास्त, यात काही वावगं नाही. रिम घेताना मागच्या बाजूला कोरलेला 'ईटी' आकडा मूळच्या जवळपास ठेवा. तो फार कमी झाला तर चाक बाहेर जातं, बेअरिंगवर ताण येतो आणि खड्ड्यात स्टिअरिंग हिसका देतं. स्विफ्टच्या हबचा व्यास ५४.१ मिलिमीटर. बाजारातल्या रिमचं मधलं भोक बऱ्याचदा मोठं असतं, त्यात कडं घालावं लागतं. ते विसरलं की नव्वदच्या पुढे स्टिअरिंग थरथरतं आणि लोक चार-चार वेळा बॅलन्सिंग करून घेतात. सस्पेन्शन बदलायचं तर स्प्रिंग आणि शॉकॲब्जॉर्बर जोडीने बनवलेला संच घ्या, ग्राइंडर नको. आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचून घ्या: आरसीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळेनासा होईल, असा बदल चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते पुन्हा बजावलं आहे.

पण माझ्याकडे चाळीस हजार असतील तर मी आधी मूळ मापाचेच चार उत्तम टायर घेईन. मग नवे शॉकॲब्जॉर्बर, आर्मचे बुश, अलाइनमेंट. साठ-सत्तर हजार किलोमीटर चाललेल्या गाडीला एवढ्याने जो फरक पडतो तो सतरा इंचांनी पडत नाही. फक्त तो पार्किंगमध्ये उभ्या माणसाला दिसत नाही, हीच त्याची अडचण. कंपन्याही हे जाणून आहेत. म्हणूनच शोरूममध्ये वरच्या मॉडेलला मोठी चाकं चढवतात आणि चालवायला बरेचदा मधलं मॉडेल जास्त सुखाचं निघतं.

भाच्याने शेवटी स्प्रिंगा नव्या टाकल्या, १५ इंची चाकं परत चढवली. सतरा इंची माळ्यावर आहेत. विकणार नाही म्हणतो. दर दसऱ्याला गाडी धुऊन ती लावायची, झेंडूचा हार घालायचा, पूजा करायची आणि दुसऱ्या दिवशी उतरवायची, असं त्याने ठरवलं आहे. "चालेल ना, मामा?" म्हणून फोन आला होता. म्हटलं, चालेल. पूजा उभ्या गाडीचीच असते.