इर्शाळवाडी यादीत नव्हती

आपल्या हॉस्टेलमधली निम्मी पब्लिक कधी ना कधी इर्शाळगडाला जाऊन आलेली असते. माथेरान-प्रबळगडाच्या शेजारचा तो सुळका, त्यातलं नेढं, सगळ्यांकडे फोटो आहेत. पण चढताना वाटेत जी ठाकरांची वाडी लागायची, तिचा फोटो किती जणांकडे आहे? ट्रेकच्या माहितीत ती एका ओळीत संपायची: पाण्याची, जेवणाची सोय वाडीत होते. किल्ल्याला इतिहास असतो, वाडीला फक्त सोय!

१९ जुलै २०२३ च्या रात्री ही वाडी दरडीखाली गेली. २२८ लोकवस्ती. २७ मृतदेह मिळाले, ५७ जण सापडलेच नाहीत, आणि २३ जुलैला शोध थांबवला. जेसीबी वर न्यायला रस्ताच नव्हता, त्यामुळे जवानांनी चालत जाऊन हातांनी माती उपसली. काही मुलं वाचली, ती आश्रमशाळेत होती म्हणून.

गाव एका रात्रीत गेलं असं सगळे म्हणतात. मला ते पटत नाही. रस्ता नाही, दवाखाना नाही, मग शिकायला खाली, कामाला खाली, आजारी पडलं तरी खालीच. असं गाव आधीपासूनच थोडं थोडं उतरत असतं. दरड शेवटी आली.

सगळ्यात जास्त खटकलं ते पुढे. ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असं सरकारने विधानसभेत सांगितलं. अहो, पण याच रायगड जिल्ह्यात २००५ मध्ये महाडजवळ दासगाव, जुई झालं. २०१४ मध्ये पुणे जिल्ह्यातलं माळीण. २०२१ मध्ये परत महाड तालुक्यातच तळीये. यादी करायला अठरा वर्षं पुरली नाहीत?

आणि यात न समजण्यासारखं काय आहे? पाणी मुरलं की मातीच्या कणांमधल्या पाण्याचा दाब वाढतो, कणांची एकमेकांवरची पकड सुटते, उतार सरकतो. सॉइल मेकॅनिक्समध्ये आपण हे मार्कांसाठी घोकतो (आणि पेपर झाला की विसरतो). तिथे तीन दिवसांत ४९९ मिलिमीटर पाऊस झाला होता.

नंतर सिडकोने चौकजवळ पक्की घरं बांधली. चांगलंच झालं. फक्त घर खाली आणि रान वर, हा हिशोब घराच्या नकाशात बसत नाही. तो वाडीतल्या लोकांनाच विचारायला हवा होता, तोही दरडीच्या आधी.

आपल्या सिव्हिलवाल्यांना दरवर्षी प्रोजेक्टला विषय मिळत नाही म्हणून रडारड चालू असते. जवळच्या डोंगरातली एक वाडी घ्या. पावसाळ्याआधी उताराच्या भेगा मोजा, एक साधं पर्जन्यमापक बसवा, त्याचं रीडिंग घ्यायला वाडीतल्याच कुणाला तरी शिकवा आणि रिपोर्ट लायब्ररीत न ठेवता तहसीलदारांकडे नेऊन द्या. पोच मात्र सही-शिक्क्याची घ्या.